घडीचा पक्षी आणि माणसाचा चेहरा : व्यक्तिचित्रातील कागदी क्रौंचाच्या प्रतीकाची चिकित्सा

प्रस्तावना :

व्यक्तिचित्रणाच्या परंपरेत चेहऱ्याइतकेच महत्त्व चेहऱ्याच्या आसपास ठेवलेल्या वस्तूंना असते. सरदाराच्या हातातील तलवार, विद्वानाच्या मेजावरील ग्रंथ, कुलीन स्त्रीच्या बोटांतील फूल या वस्तू त्या व्यक्तीविषयी चेहरा जे सांगू शकत नाही ते सांगत असतात. अलीकडच्या काळात या वस्तूंमध्ये एका नव्या वस्तूची भर पडलेली दिसते. ती म्हणजे जपानी घडीकामातील, अर्थात ओरिगामीतील, कागदी पक्षी. आजारातून उठलेली स्त्री, युद्धातून वाचलेले मूल, घरदार गमावूनही उभा राहिलेला माणूस यांच्या चेहऱ्याभोवती कागदी पक्षी उडताना दाखविले की चित्राला जिद्दीचा अर्थ आपोआप प्राप्त होतो, असा समज रूढ झाला आहे. चित्राची मांडणीही बहुधा ठरलेली असते : किंचित वर उचललेली हनुवटी, मिटलेले किंवा आकाशाकडे लागलेले डोळे आणि केसांच्या टोकांतून सुटून कॅनव्हासच्या कोपऱ्याकडे लहान लहान होत गेलेली पांढऱ्या पक्ष्यांची रांग.

घडीचा पक्षी व्यक्तिचित्रात नेमके कोणते काम करतो आणि तो ते काम केव्हा करीनासा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गोंडपिपरी तालुका आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोलीचा वनप्रदेश येथील माणसांना बाहेरून येणारा प्रत्येक जण 'चिवट' आणि 'सोशिक' ही विशेषणे लावून जातो. ज्यांच्या चिवटपणाचे कौतुक होते त्यांना काय सोसावे लागले, हे विचारण्याची गरज मग कोणाला वाटत नाही. अशा प्रदेशातील विद्यार्थी जेव्हा एखाद्या चेहऱ्याभोवती कागदी पक्षी काढू लागतो, तेव्हा त्याने कोणता अर्थ उसना घेतला आहे हे त्याच्या शिक्षकांना ठाऊक असणे आवश्यक ठरते.

पक्षी असलेली व्यक्तिचित्रे :

चित्रातील पक्षी नवा नाही. मुंबईच्या जे. जे. परंपरेतील पेस्तनजी बोमनजी यांचे १८८२ चे 'फीडिंग द पॅरट' हे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात पोपट हा घरातला, पाळलेला जीव आहे. त्याला भरविण्याच्या क्रियेतून त्या स्त्रीचा स्वभाव, तिचे घर आणि तिचा निवांतपणा प्रकट होतो. राजा रविवर्म्याच्या 'हंस-दमयंती' (१८९९) या चित्रातील हंस हा निरोप्या आहे. दमयंती त्याचे बोलणे ऐकते आहे आणि चित्रात नसलेला नल त्या ऐकण्यातून चित्रात येतो. (हे चित्र व्यक्तिचित्र नव्हे, पुराणचित्र होय, असा आक्षेप घेता येईल, परंतु महाराष्ट्रातील घराघरांत रविवर्म्याच्या नायिका व्यक्तिचित्रांप्रमाणेच पाहिल्या गेल्या.) मेक्सिकोच्या फ्रीडा काहलो हिने १९४० च्या आत्मचित्रात गळ्याभोवती काट्यांची माळ आणि त्या माळेला लटकलेला मेलेला गुंजन पक्षी दाखविला आहे. तेथे पक्षी ही जखमेची खूण आहे, आणि चेहरा मात्र प्रेक्षकाकडे सरळ, न हलता पाहतो. सोशिकपणा त्या दोहोंच्या ताणातून निर्माण होतो.

या तिन्ही चित्रांत पक्ष्याचे त्या व्यक्तीशी काही नाते आहे. पोपट तिने पाळला आहे, हंसाचे ती ऐकते आहे, गुंजन पक्षी तिच्या गळ्यात आहे. कागदी पक्ष्याचे नाते याहून वेगळे असावयास हवे, कारण तो घडविलेला पक्षी आहे. कोणाच्या तरी हातांनी तो कागदातून काढलेला असतो. म्हणून या प्रकारच्या चित्रासाठी एक साधी कसोटी वापरता येते. कागदी पक्ष्यांच्या जागी खरी कबुतरे काढली तर चित्राच्या अर्थात फरक पडतो काय? फरक पडत नसेल, तर चित्रकाराने कागद निवडला आहे तो केवळ आकार रेखीव दिसतो म्हणून. या कसोटीवर वर वर्णिलेली रूढ मांडणी टिकत नाही. केसांतून सुटणारी पक्ष्यांची रांग कबुतरांची असली, फुलपाखरांची असली किंवा वाळक्या पानांची असली तरी चित्र तेच राहते.

हजार पक्षी आणि त्यानंतरचे :

घडीच्या पक्ष्याला जिद्दीचा अर्थ ज्या एका मुलीमुळे चिकटला, तिची हकीकत बहुतेकांना अर्धवट माहीत असते. जपानमध्ये घडीचे क्रौंच करण्याची रीत जुनी आहे; एकाच कागदातून अनेक जोडलेले क्रौंच घडविण्याची कृती सांगणारे पुस्तक तेथे १७९७ मध्येच छापले गेले होते. क्रौंच हा दीर्घायुष्याचा पक्षी आणि हजार क्रौंच घडविले की इच्छा पुरी होते, ही लोकश्रद्धा. हिरोशिमाची सादाको सासाकी ६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे अणुबॉम्ब पडला त्या दिवशी, दोन वर्षांची होती. ती बचावली, शाळेत धावण्याच्या शर्यतीत चमकली आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात दाखल झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, नागोयाहून रुग्णांसाठी भेट म्हणून आलेले कागदी क्रौंच पाहून तिने स्वतः घड्या घालायला सुरुवात केली. कागद मिळत नसे. औषधांच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टने, जे हाती येईल ते तिने वापरले. पुढे पुढे पक्षी इतके लहान झाले की घडी घालण्यासाठी तिला सुईचा आधार घ्यावा लागे. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी, ती मरण पावली.

जगभर वाचल्या गेलेल्या एलिनॉर कोअर यांच्या १९७७ च्या बालपुस्तकात सादाको ६४४ पक्ष्यांवर थांबते आणि उरलेले तिच्या वर्गमैत्रिणी पुरे करतात. कथा म्हणून ही रचना परिणामकारक आहे यात शंका नाही. अपुरे राहिलेले काम इतरांनी उचलून धरले, असा तिचा शेवट होतो आणि वाचकाचे डोळे ओलावतात. परंतु सादाकोच्या कुटुंबीयांचे सांगणे आणि हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयाने दिलेली माहिती याहून वेगळी आहे. तिचे हजार पक्षी ऑगस्टअखेरपर्यंतच पुरे झाले होते. इच्छा पुरी झाली नाही, आजार हटला नाही, आणि तरीही ती पक्षी घडवीत राहिली.

या दोन हकीकतींमधील अंतर व्यक्तिचित्राच्या दृष्टीने निर्णायक आहे. पहिल्या हकीकतीत श्रद्धा अबाधित राहते. पक्षी पुरे झाले असते तर कदाचित ती वाचली असती, ही पळवाट शिल्लक असते. दुसऱ्या हकीकतीत ती पळवाट बंद होते. हजारावा पक्षी झाला आणि काहीच घडले नाही. त्यानंतरचा, एक हजार एकावा पक्षी कशासाठी होता? तो नवसाचा राहिला नव्हता. तो केवळ करावयाचा म्हणून केलेला होता, किंवा पुन्हा एकदा मागून पाहावे म्हणून, किंवा वेदनेपासून बोटे आणि मन दुसरीकडे गुंतवावे म्हणून. जिद्द या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या एक हजार एकाव्या पक्ष्यात आहे. रूढ चित्रांत उडणारे पक्षी मात्र पहिल्या हजारांतले असतात. त्यांना अजून आशा असते, म्हणून ते वर जातात.

स्मारकातील मुलगी :

सादाकोच्या वर्गमित्रांनी सुरू केलेल्या निधीला जपानमधील हजारो शाळांतून आणि परदेशांतूनही मदत आली व ५ मे १९५८ रोजी हिरोशिमात बालशांतिस्मारकाचे अनावरण झाले. शिल्पकार काझुओ किकुची. सुमारे नऊ मीटर उंचीच्या या स्मारकाच्या माथ्यावर ब्राँझची एक मुलगी उभी असून तिने दोन्ही हात वर करून डोक्यावर घडीच्या क्रौंचाची आकृती धरली आहे. घडीचा पक्षी आणि माणूस यांना एकत्र आणणारी जगातील ही सर्वाधिक पाहिली गेलेली कलाकृती होय. ती चित्र नसून शिल्प आहे, तरीही नंतरच्या बहुसंख्य व्यक्तिचित्रांनी आपला नमुना येथूनच घेतला असे म्हणावयास जागा आहे.

किकुचींच्या रचनेतील एक गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. मुलीचे हात पक्ष्याला सोडत नाहीत. ती त्याला धरून आहे. उड्डाणाची सूचना त्यात असली तरी उड्डाण झालेले नाही, आणि इतक्या मोठ्या पक्ष्याला तोलून धरण्याचा ताण वर उचललेल्या बाहूंत राहतो. रूढ व्यक्तिचित्रांनी नेमका हाच भाग गाळला. त्यांत हात दिसतच नाहीत. खांद्यापर्यंतचे व्यक्तिचित्र, वर चेहरा, त्याच्यावर पक्षी. पक्षी कोणी घडविला याचा मागमूस नाही. घडीकाम हे हातांचे काम असताना हातच चौकटीबाहेर टाकणे हा या चित्रप्रकाराचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

स्मारकाच्या पायाशी दरवर्षी जगभरातून सुमारे एक कोटी कागदी क्रौंच येतात. त्यांचे वजन दहा टनांच्या आसपास भरते. ते जतन कसे करावयाचे हा त्या शहरापुढील खराखुरा प्रश्न आहे, आणि अलीकडे त्या कागदाचा लगदा करून पुन्हा कागद बनविण्याचे काम तेथे होते. दुसरीकडे, अमेरिकेतील सिएटल येथे १९९० मध्ये बसविलेला सादाकोचा ब्राँझ पुतळा २०२४ च्या जुलैमध्ये चोरांनी घोट्यांपासून कापून नेला. कागद इतका येतो की तो पुरवून ठेवता येत नाही आणि धातू चोरीला जातो, हा विरोधाभास टिकाऊपणाच्या सोप्या कल्पनांना धक्का देणारा आहे.

घडी आणि वळ :

इंग्रजीतील ज्या शब्दासाठी हे प्रतीक वापरले जाते, त्याला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. जिद्द, चिवटपणा, उभारी, तग धरणे असे अनेक शब्द त्याच्या आसपास फिरतात. मूळ शब्दात 'उसळून पूर्वस्थितीला येणे' ही कल्पना आहे, ज्याला भौतिकशास्त्रात स्थितिस्थापकत्व म्हणतात. रबर ताणून सोडले की ते पूर्ववत होते. कागदाचे तसे नाही. कागदाला घडी घातली की तंतू त्या रेषेवर कायमचे मोडतात. घडी उलगडता येते, वळ मात्र जात नाही. घडीच्या क्रौंचाचा कागद उलगडून पाहिला तर त्या चौकोनात कर्णांच्या, मध्यरेषांच्या आणि पाकळीसारख्या उघडणाऱ्या घड्यांच्या रेषांचे एक जाळे दिसते. त्या प्रत्येक रेषेवर कागद एकदा दबलेला असतो.

तेव्हा घडीचा पक्षी हा पूर्वस्थितीला येण्याचे प्रतीक होऊच शकत नाही. दबलेल्या जागांमुळेच ज्याला आकार आला अशी ती वस्तू आहे. 'तग धरणे' हा मराठी शब्दप्रयोग या वस्तूला अधिक जवळचा आहे. त्यात उसळी नाही, केवळ टिकून राहणे आहे. चित्रकाराला हा अर्थ हवा असेल तर त्याने पक्ष्याच्या पांढऱ्या बाह्याकृतीपेक्षा त्याच्या अंगावरील रेषांकडे लक्ष दिले पाहिजे. वृद्ध चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि उलगडलेल्या कागदावरील वळ यांची दृश्य जवळीक इतकी उघड आहे की ती फारशी वापरली गेलेली नाही याचे आश्चर्य वाटते.

मराठी वाचकाला घडीकामाची गोडी ज्यांच्यामुळे लागली त्या डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचे उदाहरण येथे आठवते. समाजाच्या तळाशी असलेल्या माणसांविषयी लिहिणारा हा लेखक कात्री आणि डिंक न वापरता कागदातून आकृत्या काढीत असे आणि आपल्या छंदांविषयी त्याने तितक्याच आस्थेने लिहिले. त्यांच्या लेखी घडीकाम ही हातांना गुंतविणारी, मनाला निवविणारी कृती होती. तयार पक्ष्याचे प्रतीक करण्याऐवजी कृतीतच रमण्याची ही दृष्टी चित्रकारांनाही उपकारक ठरावी.

क्रौंच, स्तंभ आणि कार्ड :

आता हे प्रतीक गोंडपिपरीच्या परिसरात आणून पाहिले तर काही अडचणी समोर येतात. पहिली अडचण नावाची. जपानी पक्ष्याला मराठीत कोणी करकोचा म्हणतो, कोणी बगळा, कोणी सारस. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' सिद्ध करून पक्ष्यांच्या मराठी नावांचा जो संसार उभा केला, त्यानंतर तरी ही सरमिसळ होऊ नये. विदर्भात या कुळातील सर्वांत परिचित पक्षी म्हणजे सारस, आणि महाराष्ट्रात तो आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत व तळ्यांकाठी, थोड्या संख्येने, उरला आहे. भारतीय काव्यपरंपरेत क्रौंच आला तो बाणाने विद्ध होऊन. वाल्मीकीच्या शोकातून श्लोक जन्मला तो जोडीदार गमावलेल्या क्रौंचीच्या आक्रोशामुळे. म्हणजे जपानी लोकश्रद्धेत दीर्घायुष्य सुचविणारा पक्षी आपल्याकडे वियोगाचे स्मरण देतो. हा विसंवाद दोष मानण्याचे कारण नाही. सादाकोच्या हकीकतीला खरे तर दीर्घायुष्यापेक्षा वियोगाचा क्रौंचच अधिक शोभतो.

दुसरी गोष्ट अशी की माणसाच्या स्मृतीशी पक्षी जोडण्याची रीत या वनप्रदेशाच्या शेजारी आधीपासून आहे. इंद्रावतीपलीकडील बस्तरात दंडामी माडियांचे कोरीव लाकडी स्मृतिस्तंभ उभे असतात. त्यांच्या माथ्यावर लाकडी पक्षी बसविलेले आढळतात आणि खांबाच्या अंगावर नर्तक, घोडेस्वार, जनावरे कोरलेली असतात. व्हेरिअर एल्विन यांच्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील १९५१ च्या ग्रंथात या स्तंभांचे सविस्तर दर्शन घडते. मृत व्यक्तीचा चेहरा त्यांत नसतो. तिचे जगणे कोरलेले असते. या अर्थाने ती व्यक्तिचित्रेच आहेत, आणि त्यांतील पक्षी खांबाला पक्का ठोकलेला आहे. तो कोठेही उडून जात नाही.

महाविद्यालयांतून 'गोंड चित्रकला' म्हणून जी शैली शिकविली जाते ती मात्र येथील नव्हे. ती मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधान गोंडांची, आणि तिला कॅनव्हासवर आणण्याचे श्रेय जनगढसिंह श्याम याचे. त्याचे पक्षी ठिपक्यांच्या आणि बारीक रेषांच्या ओळींनी भरलेले असतात. त्यांच्या अंगात रिकामी जागा नसते. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढीत असतानाच, घरापासून दूर, त्याने आपले जीवन संपविले. चिवटपणाची प्रशस्ती ज्यांच्यावर सहज लादली जाते त्या समाजातील एक प्रतिभावंत असा गेला, ही घटना या चर्चेत विसरता येण्यासारखी नाही.

तिसरी बाब हातांची. याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात कुष्ठरोगाने बोटे वाकलेली, झिजलेली, स्पर्श हरवलेली माणसे १९५० च्या दशकापासून शेती करीत, हातमाग चालवीत आली. घडीकामाला बोटांच्या टोकांची संवेदना लागते. जेथे ती संवेदनाच गेली आहे, तेथे कागदावरचा एक सरळ वळ म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या चित्रकाराला हिरोशिमाच्या चित्रकारापेक्षा अधिक जवळून पाहता येईल. अशा हातांचे आणि अर्धवट घडीचे चित्र, वर चेहरा असो वा नसो, केसांतून सुटणाऱ्या पक्ष्यांच्या शंभर चित्रांहून अधिक बोलेल.

आणि शेवटी रक्ताचा प्रश्न. सादाकोचा आजार रक्ताचा होता. पूर्व विदर्भातील आदिवासी व दलित कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मुलाला असह्य वेदनांचे झटके येतात. त्याचे निर्मूलन साधण्यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले ते २०२३ मध्ये. या आजाराच्या मुलाचे व्यक्तिचित्र काढताना त्याच्याभोवती कागदी पक्षी उडविण्याचा मोह चित्रकाराला होणे स्वाभाविक आहे, आणि येथेच त्याने सर्वांत सावध असावे. सादाकोच्या आजाराला त्या काळी इलाज नव्हता. सिकलसेलच्या मुलाला वेळेवर तपासणी, नियमित गोळ्या, जवळ रक्तपेढी आणि झटका आला असता पोहोचता येईल असे रुग्णालय मिळाले तर त्याचे आयुष्य वाढते. त्याच्या जिद्दीचे चित्र या उणिवांवर पांघरूण घालीत असेल, तर ते कितीही सुंदर असले तरी खोटे आहे.

तरीही पक्षी काढावयाचाच असेल, तर तो कोणत्या कागदाचा, हा प्रश्न चित्रकाराने स्वतःला विचारावा. सादाकोचा पक्षी औषधाच्या पुडीचा होता. शुभ्र चौकोनी कागद तिच्याजवळ नव्हता. येथील मुलाजवळ गोळ्यांचे लहान कागदी पाकीट असते, एस. टी.चे तिकीट असते, आणि तपासणीनंतर मिळालेले रंगीत कार्ड असते. पाकिटाचा पक्षी होईल, तिकिटाचाही होईल. कार्डाचा होणार नाही, कारण ते दर खेपेला रुग्णालयाच्या खिडकीवर दाखवावे लागते आणि म्हणून खिशात सपाट ठेवावे लागते.